नागरिकशास्त्राची शिकवणी

दहावीचे वर्ष हे हल्ली एका मुलाचे किंवा मुलीचे वर्ष राहिलेले नाही. ते साऱ्या घराचे वर्ष होऊन बसले आहे. टीव्ही बंद होतो, लग्नाची आमंत्रणे नाकारली जातात, पाहुण्यांना सांभाळून बोलावे लागते आणि या साऱ्याच्या आधी, नववीची परीक्षा आटोपते न आटोपते तोच, शिकवणीची शोधाशोध सुरू होते. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांसाठी शिकवणी लावण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अलीकडे मात्र पालकांकडून आणखी एक विचारणा कानी येते : ‘‘फादर, इतिहास-नागरिकशास्त्राला कुणी चांगले शिकवणारे आहे का हो तुमच्या पाहण्यात?’’ विचारणाऱ्यांत बँकेत नोकरी करणारे वडील असतात, तशीच पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या मुंबईला नेणारी आईही असते. दोघांची काळजी सारखीच खरी असते. दोघांचा खिसा मात्र सारखा नसतो.

वरवर पाहता या प्रश्नाचे उत्तर एखादे नाव आणि पत्ता सांगून संपण्यासारखे आहे. परंतु क्षणभर थांबून विचार केला, तर त्याच्या पोटात तीन निराळे प्रश्न दडलेले दिसतात. राज्य कसे चालते आणि नागरिकाने कसे वागावे, हे पैसे देऊन कुणाकडून शिकता येते काय? जे शेजाऱ्याच्या मुलाला परवडत नाही ते आपल्या मुलासाठी विकत घेणे न्यायाचे आहे काय? आणि शिकवणी लावायचीच झाली, तर शिक्षकात नेमके काय पाहावे? यांपैकी पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचा, दुसरा नीतीचा आणि तिसरा व्यवहाराचा आहे. तथापि पहिल्या दोहोंचा विचार केल्यावाचून तिसऱ्याचे उत्तर सापडत नाही, असे मला वाटते.

प्रथम परीक्षेकडे पाहू. ज्याला आपण सवयीने नागरिकशास्त्र म्हणतो त्याचे पाठ्यपुस्तकातील नाव आता राज्यशास्त्र असे आहे. २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या पुस्तकात या विषयाची पाचच प्रकरणे आहेत : संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, आणि भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची एक उत्तरपत्रिका. त्यातही मोठा वाटा इतिहासाचा आणि लहान वाटा राज्यशास्त्राचा. पाच उत्तम विषयांचे गुण धरण्याची सोय असली, तरी अकरावीच्या गुणवत्ता यादीत एकेका गुणाने शेकडो मुले मागेपुढे होतात, हे पालकांना ठाऊक असते. म्हणून या लहान वाट्यासाठीही धावपळ होते.

ही धावपळ बहुधा कशासाठी असते? मुलाला संविधान कळावे म्हणून नव्हे, तर उत्तर ‘बसावे’ म्हणून. अपेक्षित प्रश्नसंच आणला जातो, शिकवणीत त्यातील उत्तरांचा घोष होतो आणि ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नातले कारणसुद्धा पाठ केले जाते. वास्तविक कारण ही पाठ करण्याची वस्तूच नव्हे. ते ज्याचे त्याला सुचावे लागते, निदान पटावे तरी लागते. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले, हे मूल तोंडपाठ म्हणते. तो अधिकार आणखी दोन-तीन वर्षांनी आपल्याच हाती येणार आहे, हे मात्र त्याच्या ध्यानीमनीही नसते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, असे ते सुंदर अक्षरात लिहिते. गावात बाई सरपंच असूनही कारभार तिचा नवरा पाहतो, हे ते रोज पाहते. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, असे त्याला कुणी कधी सुचवलेले नसते.

नागरिकशास्त्राच्या शिक्षकाचा शोध ही आजची गोष्ट नाही. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादाची सुरुवातच अशा शोधाने होते. हिपोक्रेटिस नावाचा एक धनिक घरचा तरुण पहाट होण्यापूर्वीच सॉक्रेटिसच्या दारावर काठी ठोठावतो. प्रोटागोरस हा नामांकित शिक्षक अथेन्सला आला आहे, त्याच्याकडे शिकण्यासाठी आपली शिफारस करावी, पैसा कितीही लागो, असे त्याचे म्हणणे असते. सॉक्रेटिस त्याला अंगणात फिरवीत साधे प्रश्न विचारतो. वैद्याकडे फी भरलीस तर तू वैद्य होशील, मूर्तिकाराकडे भरलीस तर मूर्तिकार होशील. मग या गृहस्थाकडे भरून तू कोण होणार? तरुणाला उत्तर देता येत नाही. तो लाजतो, आणि उजाडू लागलेले असल्यामुळे त्याचे लाजणे दिसते, असा बारकावा प्लेटोने टिपला आहे.

यानंतर सॉक्रेटिस जो इशारा देतो तो आजच्या पालकांनीही मनावर घ्यावा असा आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, बाजारातून धान्य किंवा पेय आणले तर ते भांड्यात घालून घरी नेता येते आणि तोंडात घालण्यापूर्वी जाणत्याला दाखवता येते. विद्येचे तसे नाही. तिला वेगळे भांडे नसते. ती घेणारा आपल्या आत्म्यातच ती साठवून घरी येतो. पोहोचतो तेव्हा तिने त्याचे भले किंवा बुरे करून टाकलेले असते. शिकवणीचे शुल्क आपण दहा ठिकाणी चौकशी करून ठरवतो, वर्गात पंखा आहे की नाही तेही पाहतो. शिक्षक मुलाच्या मनात काय भरणार आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

पुढे स्वतः प्रोटागोरसची भेट होते. आपल्या विद्यार्थ्याला घर कसे चालवावे आणि नगराच्या कारभारात कसे बोलावे-वागावे हे आपण शिकवतो, असा त्याचा दावा असतो. म्हणजे आजच्या भाषेत तो नागरिकशास्त्राचा शिकवणीमास्तरच होय. सॉक्रेटिस दोन शंका काढतो. पहिली अशी की, अथेन्सच्या लोकसभेत इमारतीचा विषय निघाला तर गवंड्याला विचारतात, जहाजाचा निघाला तर जहाज बांधणाऱ्याला. पण नगराच्या हिताचा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, श्रीमंत, गरीब कुणीही उठून बोलतो आणि ‘तू हे कोणाकडे शिकलास?’ असे त्याला कुणी विचारीत नाही. अर्थात हे शिकवण्याजोगे आहे असे लोकांना वाटत नसावे. दुसरी शंका अशी की, पेरिक्लिससारख्या थोर मुत्सद्द्याने आपल्या मुलांना गुरूंकडून जे शिकवता येते ते सारे उत्तम शिकवले. पण जे त्याचे स्वतःचे शहाणपण, ते ना स्वतः शिकवले, ना कुणा शिक्षकाकडे सोपवले.

या शंकांना प्रोटागोरसने दिलेले उत्तर मला त्या संवादातील एक अत्यंत मोलाचा विचार वाटतो. तो म्हणतो की, न्यायबुद्धी आणि लाज यांचा वाटा देवाने एकेकट्याला नव्हे, सर्वांना दिला, कारण त्यावाचून नगर उभेच राहू शकत नाही. मूल बोललेले समजू लागले की दाई, आई, वडील, गुरू सारेच त्याला हे बरे, ते वाईट, हे कर, ते करू नको, असे सांगू लागतात. सद्गुणाचा शिक्षक कोण, असा प्रश्न करणे म्हणजे मुलाला मातृभाषा कोणी शिकवली असे विचारण्यासारखे आहे. एखाद्याचे नाव सांगता येत नाही, कारण सगळेच शिक्षक असतात.

वाचकहो, मातृभाषेचा हा दाखला आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. आपल्या मुलांना मराठी कोणत्या मास्तरांनी शिकवली? मास्तरांनी व्याकरण शिकवले, शुद्धलेखन सुधारले, उतारे वाचून घेतले. भाषा मात्र ती आईच्या कमरेवर, अंगणात, विहिरीवर, बाजारात आणि भांडणातही शिकली. घरात मराठीचा शब्दही नसेल, तर व्याकरणाची शंभर पुस्तके मुलाला मराठी बोलायला लावू शकणार नाहीत. नागरिकत्वाचेही तसेच आहे. शिकवणीचा शिक्षक फार तर त्याचे व्याकरण शिकवील : संसदेची दोन सभागृहे, राष्ट्रपतींचे अधिकार, निवडणूक आयोगाची कामे. ती भाषा घरात, गावात आणि शाळेच्या वर्गात बोलली जात असेल तरच त्या व्याकरणात जीव येईल.

आता कुणी असा निष्कर्ष काढील की, तर मग शिकवणी लावणेच चुकीचे आहे. तसे मला म्हणावयाचे नाही. व्याकरणालाही मोल आहे. संत थॉमस अक्विनास यांनी ‘सत्याविषयी’ या ग्रंथातील अकराव्या प्रश्नात शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. रोगी बरा होतो तो मुख्यतः त्याच्या अंगच्या नैसर्गिक शक्तीने. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. त्याचप्रमाणे शिकणाऱ्याच्या ठायी असलेली बुद्धीच शिकते, शिक्षक तिला हात देतो. ज्याची प्रकृती क्षीण झाली आहे त्याने वैद्याकडे जाण्यात कोणते पाप आहे? आजारपणामुळे ज्याची शाळा बुडाली, ज्याच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले आजवर कुणी नाही, किंवा घरी कादोडी वा वाडवळी बोलून इंग्रजी माध्यमात बसल्यामुळे ज्याला धर्मनिरपेक्षता, संघराज्य, विकेंद्रीकरण हे शब्द कोणत्याच भाषेत उमगलेले नाहीत, अशा मुलाला शिकवणीचा आधार देणे हे आईवडिलांचे कर्तव्यच ठरते. निरोगी माणसाने रोज वैद्याच्या दारात रांग लावणे ही मात्र निराळी गोष्ट झाली. ते औषध राहत नाही, ते व्यसन होते. शिकवणीवाचून एक पानही वाचू न शकणारी हुशार मुले आज कमी नाहीत.

येथून दुसऱ्या, नीतीच्या प्रश्नाकडे वळू. गावच्या जत्रेत मिरवणूक येते तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण टाचा उंच करून पाहू लागतो. त्याच्यामुळे मागच्याला दिसेनासे होते, म्हणून तोही टाचा उचलतो. थोड्या वेळाने सारी गर्दी टाचांवर उभी असते, सर्वांचे पाय दुखतात आणि कुणालाच पूर्वीपेक्षा अधिक दिसत नाही. जो लहान आहे, पांगळा आहे, त्याला तर काहीच दिसत नाही. शिकवणीचे असेच झाले आहे. केंद्र सरकारने २०२५ साली केलेल्या शिक्षणविषयक राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी त्या वर्षी खाजगी शिकवणी घेत होते किंवा त्यांनी ती घेतली होती, असे दिसून आले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर खेड्यांत २५.५ टक्के होते. याचाच अर्थ असा की, सुमारे तीन-चतुर्थांश मुले या रांगेत टाचा न उचलता उभी आहेत. त्यांतील कित्येकांच्या टाचा उचलण्याची आईवडिलांची ऐपत नाही.

ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. माझ्या मुलाला संविधान कळले म्हणून तुमच्या मुलाला ते कमी कळत नाही. परंतु यादीतील क्रमांक ही वाटून घेण्याची वस्तू नव्हे. माझ्या मुलाचा क्रमांक वर गेला की कुणाचा तरी खाली जातो. म्हणून शिकवणीतून ज्ञान मिळवण्याचा हेतू असेल तर त्यात कुणाचेच नुकसान नाही. केवळ क्रमांक विकत घेण्याचा हेतू असेल तर आपण शेजाऱ्याच्या जागेवर बोली लावीत असतो. आणि ही बोली कोणत्या विषयासाठी? ज्या विषयाच्या पुस्तकात कायद्यापुढे सर्व समान आणि संधीची समानता हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्या विषयासाठी! मुले भाबडी असतात, आंधळी नसतात. समानतेचा धडा शिकण्यासाठी आपल्याला दिलेले शुल्क बाकावरच्या सोबत्याला देता येत नाही, हे त्यांना समजते. पुस्तकातील धड्याखाली हा दुसरा धडा ती शांतपणे शिकून घेतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो, त्याला उत्तर दिले पाहिजे. ‘‘फादर, जगाचे काय व्हायचे ते होवो, माझे पहिले कर्तव्य माझ्या लेकराविषयी आहे.’’ हे म्हणणे खोटे नाही. आपल्या संविधानानेही ते मानले आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले. जवळच्यांवर अधिक प्रेम करावे हा निसर्गाचाच क्रम आहे आणि नीतिशास्त्र तो नाकारीत नाही. परंतु प्रेमाचा क्रम ही एक गोष्ट आणि प्रेमाची कुंपणे ही दुसरी. आपल्या ताटात आधी वाढून घेण्याचा अधिकार मला असेल. पातेले उचलून घरी नेण्याचा नाही. लेकराचे भले करणे हे कर्तव्य आहे, यात शंका नाही. जे लेकरू शेजाऱ्याला ओलांडून वर चढायला शिकले त्याचे भले झाले काय, हाच तर मूळ प्रश्न आहे.

त्यामुळे काही मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगाव्या लागतील. शाळेत जो शिक्षक वर्गाला शिकवतो त्याच्याकडेच पैसे देऊन शिकवणी लावणे, ही आपल्याकडे जवळजवळ मान्य झालेली रूढी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकांना खाजगी शिकवण्या करण्यास मनाई केली आहे. ही मनाई का असावी, हे सहज ध्यानात येते. जे वर्गात पूर्ण शिकवले तर संध्याकाळी विकायला काही उरणार नाही, ते वर्गात अपुरे ठेवण्याचा मोह माणसाला होणारच. सर्व शिक्षकांवर मी हा ठपका ठेवीत नाही. विनामोबदला शाळेनंतर तासन्‌तास थांबणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांचे ऋण समाजाने कधी फेडलेले नाही. पण मोहाची जागा आपण पालकांनी तयार करू नये. त्याचप्रमाणे, जो शिकवणीवाला ‘पेपरात हेच येणार, आमची आतली माहिती आहे’ असे सुचवतो त्याच्या दारातून तत्काळ परतावे. त्याची माहिती खोटी असेल तर तो फसवतो. खरी असेल तर तो चोरी करतो. दोन्ही बाबतींत तो आपल्या मुलाला नागरिकशास्त्राच्या नेमक्या उलट शास्त्राचे शिक्षण देतो.

आता तिसरा, व्यवहाराचा प्रश्न : शिक्षक कसा निवडावा? मला चार कसोट्या सुचतात.

पहिली कसोटी अशी की, तो कोणते पुस्तक आधी उघडतो? पाठ्यपुस्तक बाजूला सारून जो प्रश्नसंचाने सुरुवात करतो तो मुलाला रस्ता दाखवीत नाही, खांद्यावर घेऊन पळतो. ज्याच्या घरी भारताच्या संविधानाची एखादी मराठी प्रत आहे आणि जो ती मुलाच्या हाती देऊन उद्देशिका स्वतः वाचायला लावतो, तो शिक्षक खरा.

दुसरी कसोटी : वर्गात अधिक कोण बोलते? नागरिकशास्त्र हा बोलण्याचा विषय आहे. एक साधा प्रश्न घ्या : निवडणुकीच्या रिंगणातील उमेदवाराने आपली मालमत्ता आणि आपल्यावरील फौजदारी खटले का जाहीर करावेत? मतदाराला ही माहिती मिळण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. चांगला शिक्षक हे वाक्य लिहून देण्यापूर्वी विचारील, ‘‘तुझ्या घरी गडी कामाला ठेवायचा झाला तर बाबा त्याच्याविषयी काय काय विचारतील?’’ मुलाने दिलेल्या उत्तरातून तो न्यायालयाच्या निर्णयापर्यंत येईल. असे शिकलेले मूल परीक्षेतील ‘सकारण’ या शब्दाला घाबरत नाही. म्हणजे गुणांच्या दृष्टीनेही हा मार्ग तोट्याचा नाही.

तिसरी कसोटी : राजकीय पक्षांचे प्रकरण तो कसे शिकवतो? प्रत्येक माणसाला आपले मत असते, शिक्षकालाही असावे. परंतु ज्या पक्षाला तो मत देत नाही त्याचीही बाजू तो न्यायाने मांडतो काय? की हसून उडवतो? पंधरा-सोळा वर्षांचे मन मऊ असते आणि सॉक्रेटिसने सांगितल्याप्रमाणे विद्येला भांडे नसते. येथे पालकांनी जागरूक राहावे. मुलाला शिकवणीहून आल्यावर ‘‘आज किती प्रश्न झाले?’’ असे विचारण्याऐवजी ‘‘आज कोणत्या गोष्टीवर तुमचे दुमत झाले?’’ असे विचारावे.

चौथी कसोटी सर्वांत कठीण : तो स्वतःची गरज कमी करीत आहे काय? जूनमध्ये जे मूल त्याच्या मदतीवाचून एक उत्तर लिहू शकत नव्हते ते दिवाळीनंतर स्वतः लिहू लागले पाहिजे. जो वैद्य रोग्याला कायमचा खाटेवर ठेवतो त्याची कीर्ती काहीही असो, तो वैद्य नव्हे. शुल्काच्या बाबतीत प्रोटागोरसची एक प्रथा सांगण्यासारखी आहे. त्याने मागितलेली रक्कम विद्यार्थ्याला मान्य नसेल, तर विद्यार्थ्याने देवळात जाऊन, या विद्येचे मोल मला इतके वाटते, असे शपथेवर सांगावे आणि तेवढेच द्यावे, अशी त्याची रीत होती. आपल्या काळात हे चालणार नाही, हे मला कळते. पण ज्या शिक्षकाला असे बोलण्याची हिंमत होईल त्याच्याकडे मुलाला निःशंक पाठवावे.

न्यायाच्या प्रश्नालाही व्यवहारात उत्तर आहे. ज्यांना शिकवणी परवडते त्यांनी ती एकट्यासाठी घरी न बोलावता चार मुलांसाठी बोलवावी आणि त्या चारांतील एकाचे शुल्क तिघांनी वाटून घ्यावे. ते कोणाचे भरले, हे मुलांना कळू देऊ नये. आपल्या धर्मग्रामांत सभागृहे आहेत. लग्नाचा हंगाम सोडला तर संध्याकाळी ती बहुधा बंद असतात. तेथे दिवा-पंख्याची सोय करून अभ्यासिका चालवणे अवघड नाही. निवृत्त शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी, तहसील कचेरीत उमर घालवलेले कारकून अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. ज्याने तीस वर्षे सात-बाराचे उतारे आणि मतदारयाद्या हाताळल्या त्याच्याकडून राज्यकारभार ऐकणे, हे कोणत्याही प्रश्नसंचाहून सरस. अशा ठिकाणी डॉक्टरचा मुलगा आणि बागेत पाणी शिंपणाऱ्याचा मुलगा एका बाकावर बसले, की समानतेचा धडा उच्चारण्याचीही गरज उरत नाही.

आणि शेवटी घर. पेरिक्लिसच्या मुलांची गोष्ट पुन्हा आठवावी. त्याने सारे गुरू आणून दिले, स्वतःचे शहाणपण तेवढे दिले नाही. आपण निदान ही उणीव टाळू शकतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे. दहावीतील मुलाला एकदा तरी सोबत न्यावे आणि मागे बसून ऐकू द्यावे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले, हे वाक्य त्यानंतर पाठ करावे लागणार नाही. रस्त्याचे काम अर्धवट पडले असेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा अर्ज मुलाच्या हस्ताक्षरात लिहवून घ्यावा आणि खाली आपण सही करावी. वसईतील पालकांना तर दूर जावेच लागत नाही. पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी येथे झालेले हरित वसईचे आंदोलन, तसेच २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर गावे वगळावीत म्हणून गावकऱ्यांनी दिलेला लढा, हे चळवळींच्या प्रकरणाचे जिवंत धडे आहेत. त्यांत भाग घेतलेले आजोबा आणि मावश्या अजून घराघरांत आहेत. त्यांना बोलते करावे. त्या लढ्यांत काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही मुलाला ऐकू द्यावे.

परंतु घर हे उलट दिशेनेही शिकवीत असते. निवडणुकीच्या आदल्या रात्री कुणी पाकीट घेऊन आले आणि वडिलांनी ते मुकाट्याने खिशात घातले, तर त्या एका क्षणात वर्षभराची शिकवणी धुऊन निघते. दाखल्यासाठी कचेरीत चिरीमिरी देऊन आई ‘‘असेच चालते बाबा’’ म्हणाली, की पाचव्या प्रकरणातील भ्रष्टाचाराच्या आव्हानावरचे उत्तर मूल परीक्षेत पूर्ण गुण मिळवून लिहील आणि आयुष्यात त्याच्या उलट वागेल. यासाठी त्याला दोष देता येणार नाही. त्याने आपली मातृभाषा आपल्यापासूनच उचलली.

तात्पर्य, शिक्षक जरूर शोधावा. मूल अडले असेल तर लाज न बाळगता शोधावा, सोबत शेजाऱ्याच्या मुलालाही घ्यावे आणि त्याच्याकडे जे सोपवता येते तेवढेच सोपवावे. मार्चमधील त्या एका दुपारी मूल आपल्या ज्ञानाचा काही गुणांपुरता हिशोब देईल. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते मतदान केंद्राच्या पडद्याआड एकटे उभे राहील. तेथे शिक्षक नसेल, प्रश्नसंच नसेल आणि त्याने काय केले हे कुणाला दिसणारही नाही. त्या वेळी ते जी भाषा बोलेल ती आज आपण घरात बोलत आहोत.